विश्लेषण : हातात बायबल घेऊन शपथ, पण बायबल तर शपथेलाच नकार देते! मग ‘प्रतिज्ञे’चा पर्याय आला कुठून?

इंग्लंडच्या न्यायालयात ख्रिस्ती साक्षीदार बायबलमधील ‘नवा करार’ हातात घेऊन शपथ घेतो. त्याच ग्रंथात मात्र शपथ मुळीच वाहू नका, अशी येशूची शिकवण आहे. या विसंगतीवरून ख्रिस्ती पंथांमध्ये शतकानुशतके वाद झडला आणि अनेकांनी तुरुंगवास भोगला. ‘शपथ किंवा प्रतिज्ञा’ हा जो पर्याय आज भारतातील साक्षीदारांना आणि लोकप्रतिनिधींना मिळतो, त्याचा एक धागा या वादाशी जुळतो.

येशूची शिकवण नेमकी काय?

यहुदी धर्मशास्त्रात खोटी शपथ निषिद्ध होती, खरी शपथ नव्हे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनात येशू त्यापुढे जातो. स्वर्गाची, पृथ्वीची, यरुशलेमची, अगदी स्वतःच्या डोक्याचीही शपथ वाहू नका. होय असेल तर होय म्हणा, नाही असेल तर नाही, असे तो सांगतो. याकोबाच्या पत्रातही हाच उपदेश आहे.

यामागे त्या काळातील पळवाटा होत्या. मंदिराची शपथ मोडली तरी चालते, पण मंदिरातील सोन्याची शपथ बंधनकारक, असे भेद काही धर्मगुरू करत. येशूने त्यांना याबद्दल फटकारल्याचे मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात आहे. आपल्याकडे ‘देवाशप्पथ’, ‘आईशप्पथ’ म्हटल्यावर बोलण्याला वजन येते. पण मग शपथेविना केलेल्या बोलण्याचे काय, हा प्रश्न उरतोच. माणसाचा साधा शब्दही शपथेइतकाच पक्का असावा, हा या शिकवणीचा गाभा. शिष्य पेत्राची गोष्ट याबाबत बोलकी आहे. येशूला अटक झाल्यावर ‘मी त्याला ओळखत नाही’ हे खोटे पेत्राने चक्क शपथेवर सांगितले.

मग चर्चला शपथ कशी चालते?

रोमन कॅथलिक आणि बहुतेक प्रोटेस्टंट चर्च या वचनाचा अर्थ ‘उठसूट शपथा घेऊ नका’ असा लावतात. प्रमुख याजकाने देवाची शपथ घालून विचारले तेव्हा येशूने उत्तर दिले आणि प्रेषित पौलानेही पत्रांत देवाला साक्षी ठेवले, असे दाखले ते देतात. कॅथलिक चर्चच्या नियमानुसार सत्य, विवेक आणि न्याय या तीन कसोट्यांवर उतरणारी शपथच योग्य ठरते. चर्च ऑफ इंग्लंडच्या धर्मतत्त्वांतील शेवटचे, 39 वे कलमही याच विषयावर आहे. उथळ शपथ निषिद्ध. पण दंडाधिकाऱ्याने मागितल्यास, सत्कारणासाठी ती घेता येते, असे त्यात म्हटले आहे.

चुकीची शपथ पाळायची का?

नुकसान झाले तरी दिलेला शब्द पाळणाऱ्याची स्तोत्रसंहितेत प्रशंसा आहे. पण हेरोद राजाने मेजवानीत ‘मागशील ते देईन’ अशी शपथ घेतली आणि ती पाळण्यासाठी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा शिरच्छेद करवला. पाप करायला लावणारी शपथ बंधनकारक नसते. ती घेणे चूक आणि पाळणे त्याहून मोठी चूक, असे चर्चची परंपरा सांगते.

शपथ नाकारणाऱ्यांचे काय झाले?

काही पंथांनी येशूचे वचन शब्दशः पाळले. अ‍ॅनाबॅप्टिस्टांनी 1527 मध्ये श्लाइटहाइम येथील जाहीरनाम्यात शपथ नाकारली. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात क्वेकर पंथीयांनी तीच भूमिका घेतली. शपथ घेतली तर एरवीचे आपले बोलणे कमी खरे ठरते, असा त्यांचा युक्तिवाद होता. म्हणूनच दुकानातही घासाघीस न करता एकच भाव सांगण्याची त्यांची रीत होती.

राजनिष्ठेची शपथ नाकारणे म्हणजे राजद्रोहाचा संशय ओढवून घेणे. 1662 च्या कायद्याने शपथ नाकारणाऱ्या क्वेकरांना शिक्षा ठरवली. पंथाचे संस्थापक जॉर्ज फॉक्स यांना 1664 मध्ये लँकेस्टर येथे याच कारणावरून तुरुंगात डांबले गेले.

कायदा कसा बदलला?

1690 च्या दशकात इंग्लंडच्या संसदेने क्वेकरांना शपथेऐवजी प्रतिज्ञेची मुभा दिली. मात्र फौजदारी खटल्यातील साक्ष, ज्युरीचे काम आणि सरकारी पदे त्यांच्यासाठी बंदच राहिली. 1833 मध्ये क्वेकर जोसेफ पीस यांनी प्रतिज्ञा करून खासदारकी स्वीकारली. पुढे नास्तिक चार्ल्स ब्रॅडलॉ 1880 मध्ये निवडून आले, पण त्यांना ही सवलत नाकारली गेली. वारंवार निवडून येऊनही सभागृहात रीतसर बसण्यासाठी त्यांना 1886 पर्यंत झगडावे लागले. त्यांच्याच प्रयत्नांतून 1888 चा कायदा झाला आणि प्रतिज्ञेचा पर्याय सर्वांना खुला झाला. हेच ब्रॅडलॉ 1889 मध्ये काँग्रेसच्या मुंबई अधिवेशनाला आले होते.

भारतात काय नियम?

राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत मंत्री, खासदार, आमदार आणि न्यायाधीशांसाठी ईश्वराच्या नावे शपथ किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा असे दोन पर्याय आहेत. साक्षीदारांना 1969 च्या शपथ कायद्यानुसार हीच निवड करता येते. चित्रपटांत दिसते तसे धर्मग्रंथावर हात ठेवण्याचे बंधन या कायद्यात नाही. खरे बोलण्याचे कर्तव्य समजते, पण शपथेचा अर्थ कळत नाही, अशा 12 वर्षांखालील मुलांची साक्ष शपथेविनाही घेता येते.

शपथ द्यायची राहून गेली तरी साक्ष बाद होत नाही आणि खरे सांगण्याची साक्षीदाराची जबाबदारीही टळत नाही, असे हा कायदा स्पष्ट करतो. फॉक्स आणि त्यांचे सहकारी ज्यासाठी तुरुंगात गेले, तो मुद्दा यापेक्षा फारसा वेगळा नव्हता.