भातखाचरापासून उपग्रहापर्यंत : भूस्थानिक विज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण

मावळ तालुक्यात, तळेगाव दाभाडे गावानजीक, इंद्रायणीच्या खोऱ्यात वराळे हे गाव वसले आहे. हा मुलूख भाताचा. वडगाव मावळ येथील भात संशोधन केंद्रातून १९८७ साली प्रसारित झालेला सुवासिक वाण या नदीचेच नाव घेऊन महाराष्ट्रभर गेला. त्याच परिसरात आता कारखाने, महाविद्यालये व वसाहती उभ्या राहिल्या असून जमिनीचा प्रत्येक गुंठा पूर्वीपेक्षा अधिक काटेकोरपणे मोजला जाऊ लागला आहे. अशा गावातील पदवीधर मुलामुलींपुढे ‘पुढे काय शिकावे’ हा प्रश्न येतो, तेव्हा एका शास्त्राचे नाव सहसा कोणी सुचवीत नाही. ते शास्त्र म्हणजे भूस्थानिक विज्ञान होय. विद्यापीठांच्या माहितीपत्रकांत ते ‘जिओइन्फर्मेटिक्स’ या नावाने आढळते.

नाव मोठे असले तरी विषय शेतकऱ्यास परका नाही. भूमीवर कोणती वस्तू नेमकी कोठे आहे, ती किती आहे आणि काळानुसार तिच्यात काय पालट होतो, हे मोजून नकाशावर उतरविणे हा त्याचा गाभा. आपल्या वाडवडिलांच्या वेळी हेच काम साखळी आणि शंकूने होत असे. मोजणीची साखळी ३३ फुटांची. तिचे १६ भाग, त्यांस आणे म्हणत. एक साखळी लांब व एक साखळी रुंद असा चौरस म्हणजे एक गुंठा, अर्थात १,०८९ चौरस फूट. मेट्रिक मापात तो सुमारे १०१ चौरस मीटर भरतो. हा आकडा ध्यानात ठेवावा, कारण पुढील विवेचनात तोच उपयोगी पडणार आहे.

उपग्रहाचे चित्र अखंड नसते. ते लहान चौकोनी ठिपक्यांचे बनलेले असते व प्रत्येक ठिपक्यास एकच रंगमूल्य मिळते. प्रयोगापलीकडे जाऊन नियमित कामासाठी बनविलेला भारताचा पहिला दूरसंवेदन उपग्रह आय.आर.एस.-१ए हा १७ मार्च १९८८ रोजी सोडण्यात आला. त्याच्या एका कॅमेऱ्याचा ठिपका बाजूस सुमारे ७२ मीटर, म्हणजे क्षेत्राने सव्वा एकराहून किंचित मोठा होता. पुढील पिढीच्या भारतीय उपग्रहांवरील लिस-३ कॅमेऱ्याचा ठिपका साडेपाच गुंठ्यांच्या आसपास आला. युरोपीय देशांच्या सेंटिनेल-२ या उपग्रहांची चित्रे आज कोणासही विनामूल्य मिळतात. त्यांच्या काही रंगपट्ट्यांचा ठिपका १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे १०० चौरस मीटर असतो. शेतकरी ज्यास गुंठा म्हणतो तो आणि हा ठिपका जवळजवळ एकच!

विदर्भातील दहा एकरांचे कापसाचे सलग शेत असेल, तर त्यात असे चारशे ठिपके बसतात. त्यावरून पिकाची स्थिती वाचणे फारसे अवघड नाही. मावळात मात्र उताराच्या जमिनीवर ताली घालून केलेली खाचरे पुष्कळदा दोन-चार गुंठ्यांचीच असतात. तेथे एका ठिपक्यात अर्धे खाचर, पाव बांध व पाव शेजाऱ्याचे रान असा मिश्र मामला होतो. बांधावरचे गवत भातासारखेच हिरवे दिसते. शिवाय ज्या दिवसांत भाताची लावणी होते त्याच दिवसांत सह्याद्रीवर ढगांचे छत असते. उपग्रह दर पाच दिवसांनी डोक्यावरून गेला तरी त्यास ढगांखेरीज काही दिसत नाही.

या अडचणीतून मार्ग काढणे हाच पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा खरा विषय आहे. विद्यार्थ्यास रडारचे तंत्र शिकावे लागते. रडार स्वतःच लहरी सोडते व परत येणारा प्रतिध्वनी टिपते, म्हणून त्यास ढगांचा वा रात्रीचा अडथळा होत नाही. चिखलणी करून पाणी भरलेले खाचर आरशासारखे सपाट असल्याने लहरी दुसरीकडे फेकून देते आणि चित्रात काळे दिसते. लावणीनंतर रोपे फुटव्यास लागली की परतणारा प्रतिध्वनी वाढतो व तोच ठिपका हळूहळू उजळतो. तो कोणत्या तारखेला काळा होता व कधी उजळू लागला, यावरून लावणीच्या काळाचा अंदाज बांधता येतो. भारताचा ई.ओ.एस.-०४ हा रडार उपग्रह १४ फेब्रुवारी २०२२ रोजी, तर अमेरिकेसह बनविलेला निसार ३० जुलै २०२५ रोजी सोडण्यात आला. तथापि रडारही निर्दोष नाही. ते तिरपे पाहते. त्यामुळे लोणावळ्याकडील डोंगरांत समोरचा उतार आखडलेला दिसतो व पाठीमागचा उतार सावलीत जातो. सपाट मुलुखासाठी लिहिलेली रीत तेथे जशीच्या तशी लावणारा विद्यार्थी फसतो.

येथेच गावच्या मुलाचे शहाणपण कामास येते. चित्रातील ठिपका भात आहे की नुसते पाणथळ गवत, हे ठरविण्यासाठी काही ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन पाहावे लागते. शास्त्रात यास भूसत्य पडताळणी म्हणतात. संगणकाची आज्ञावली कोणासही सहा महिन्यांत शिकता येते, परंतु वरकस रान, माळ आणि खाचर यांतील भेद, राब भाजल्याचा काळा डाग आणि पाण्याचा काळा डाग यांतील भेद, हा ज्याचे बालपण बांधावर गेले त्यास शिकवावा लागत नाही.

या देशात दूरसंवेदनाचा आरंभही झाडाखाली उभे राहूनच झाला. पुणे येथील उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे पहिले संचालक प्रा. पी. आर. पिशारोटी यांनी पुढे १९७० च्या सुमारास केरळातील नारळबागांवरून हेलिकॉप्टर नेऊन अवरक्त फिल्मवर छायाचित्रे घेतली. मुळांच्या रोगाने ग्रासलेले माड त्या चित्रांत निरोगी माडांहून निराळे दिसले. आपल्या देशातील दूरसंवेदनाचे जनक म्हणून पिशारोटींचे नाव घेतले जाते. त्या प्रयोगाचा विषय शेतकऱ्याचा माड होता, ही गोष्ट विद्यार्थ्यांना सहसा सांगितली जात नाही. ती सांगावयास हवी.

मोजणी चुकली तर काय होते, हे पुणे जिल्ह्याने एकवार पाहिले आहे. इंग्रजी अमलाच्या आरंभी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने जमिनीची मोजणी व आकारणी केली आणि ती १८३० पासून लागू झाली. तिचे तत्त्व कागदावर मोठे शास्त्रशुद्ध होते. प्रत्येक शेताच्या उत्पन्नातून खर्च वजा जाता उरेल त्याचा ठराविक हिस्सा सरकारने घ्यावयाचा. परंतु हाताखालच्या मंडळींनी दिलेले मोजमाप व अंदाज विश्वासार्ह नव्हते. त्यातच धान्याचे भाव उतरले, पाऊसही दगा देऊ लागला. इंदापूर तालुक्यात शेतकरी जमिनी टाकून निघून गेले. १८३६ साली गोल्डस्मिड व विंगेट यांनी त्याच इंदापुरात नव्याने मोजणी केली. शेतांस क्रमांक दिले, हद्दीच्या खुणा उभारल्या, मातीची खोली व पोत पाहून तिची प्रतवारी आण्यांत लावली. सातबाऱ्यावरील सर्व्हे नंबराचे मूळ त्या कामात आहे.

आजची मोजणी उपग्रहाची असली तरी तिचा भार शेतकऱ्यावरच पडतो. २०२३ च्या खरिपात केंद्र शासनाने पीकविमा योजनेत भाताच्या उत्पन्नाचा अंदाज केवळ कापणी प्रयोगांवर न ठेवता त्यात उपग्रहाधारित तंत्रासही ३० टक्के भार देण्यास आरंभ केला. म्हणजे दोन गुंठ्यांच्या खाचरास एखाद्या आज्ञावलीने गवत ठरविले, तर ती चूक प्रयोगशाळेत राहत नाही, ती शेतकऱ्याच्या भरपाईपर्यंत पोचू शकते. ही चूक पकडणारा माणूस त्या टेबलापाशी बसलेला असावा, आणि तो खाचरात उतरलेला असावा, हे मावळच्या हिताचे आहे.

अभ्यासक्रम सामान्यतः दोन वर्षांचा व चार सत्रांचा असतो. पहिल्या वर्षी नकाशाशास्त्र, दूरसंवेदनाचे भौतिकशास्त्र, हवाई छायाचित्रांवरून मापन, उपग्रहाधारित स्थाननिश्चिती, भौगोलिक माहिती प्रणाली, संख्याशास्त्र व संगणकाची पायथॉनसारखी भाषा शिकवितात. शेवटच्या सत्रात एखाद्या कार्यालयात वा कंपनीत प्रत्यक्ष काम करून प्रबंध लिहावा लागतो. यांत नकाशाच्या प्रक्षेपणाचा भाग विद्यार्थ्यांस रुक्ष वाटतो व बहुतेक चुका तेथेच होतात. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्ट यांनी १८३० साली मांडलेल्या पृथ्वीच्या आकारावर आधारलेले आहेत, तर उपग्रहाची स्थाननिश्चिती निराळ्या आकारावर. दोहोंचे रूपांतर न करता एकावर एक ठेवल्यास रस्ता शेकडो फूट सरकतो. आपला गावनकाशा तर साखळीने काढलेला. त्यावर अक्षांश-रेखांश मुळीच नाहीत. तीन गावांच्या शिवा जेथे मिळतात तेथील दगड शोधून, त्याचे स्थान मोजून, मगच तो नकाशा पृथ्वीवर बसवावा लागतो. असा दगड कोठे पुरला गेला आहे, हे संगणकापेक्षा गावातील म्हातारी माणसे अधिक खात्रीने सांगतात.

अचूकतेचा हिशेब हाही महत्त्वाचा धडा आहे. उघड्या रानात मोबाइल फोनची स्थाननिश्चिती चार-पाच मीटरने चुकू शकते. तीन गुंठ्यांच्या चौरस खाचराची बाजू अवघी १७ मीटरच्या आसपास असते. तेव्हा फोन हातात घेऊन बांधाचा वाद मिटविणे म्हणजे नवा वाद ओढवून घेणे. स्थिर संदर्भ केंद्रांकडून दुरुस्ती घेणारे ‘रोव्हर’ हे यंत्र मात्र काही सेंटिमीटरपर्यंत अचूक असते व भूमी अभिलेख विभाग मोजणीसाठी त्याचा उपयोग करतो. पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे गावठाणाची मोजणी ड्रोनने करून पाहिल्यावर महाराष्ट्रात ते काम पुढे गेले. केंद्राची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजी जाहीर झाली.

वराळ्याच्या विद्यार्थ्यास हे शिक्षण दूर नाही. तळेगाव स्थानकावर लोणावळा-पुणे लोकल मिळते. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा भूगोल विभाग, २००४ साली स्थापन झालेली सिंबायोसिसची जिओइन्फर्मेटिक्स संस्था आणि भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्था येथे या विषयाची सोय झालेली आहे. अभियंत्यांसाठी मुंबईच्या आय.आय.टी.त एम.टेक. आहे. ‘गेट’ परीक्षेत २०२२ पासून जिओमॅटिक्स अभियांत्रिकी हा स्वतंत्र विषयही ठेवण्यात आला. डेहराडून येथील भारतीय सुदूर संवेदन संस्था या सर्वांत जुनी. पंडित नेहरू १९५७ साली नेदरलँड्सला गेले असता तिची कल्पना निघाली व १९६६ साली ती डच साहाय्याने सुरू झाली. खासगी संस्था व विद्यापीठाचा विभाग यांच्या शुल्कांत मोठे अंतर असते. म्हणून प्रवेशाच्या अटी, शुल्क व शिष्यवृत्ती यांची माहिती त्या वर्षीच्या माहितीपत्रकातूनच घ्यावी, ऐकीव गोष्टींवर कर्ज काढू नये.

दोन गोष्टी पालकांनी आधीच समजून घेणे इष्ट. पहिली ही की, या पदवीने कोणी सरकारी मोजणीदार होत नाही. २०२१ साली निघालेल्या भूकरमापक पदांच्या जाहिरातीत स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका किंवा आय.टी.आय.चे सर्वेक्षक प्रमाणपत्र मागितले होते. हद्द कायम करण्याची मोजणी भूमी अभिलेख कार्यालयाचीच ग्राह्य धरतात. दुसरी गोष्ट पगाराची. खासगी कंपन्यांत आरंभी बहुधा पडद्यावर रस्ते व इमारती गिरविण्याचे काम मिळते. ज्यास केवळ कळ दाबता येते तो तेथेच अडकून पडतो. ज्यास पीक, पाणी वा माती यांपैकी एखादा विषय खोल ठाऊक असतो, तो पुढे सरकतो. कृषी पदवीधराने या अभ्यासक्रमाकडे यावे ते याच कारणासाठी. १५ फेब्रुवारी २०२१ च्या धोरणाने नकाशे तयार करण्यावरील परवानग्यांचे बंधन बरेच सैल केले आहे. त्यामुळे चार मित्रांनी मिळून आपल्या तालुक्यासाठी असे काम उभारणे पूर्वीपेक्षा सुलभ झाले आहे.

प्रवेशापूर्वी कल पारखून पाहण्यास खर्च येत नाही. क्यूजीआयएस ही नकाशाची आज्ञावली विनामूल्य आहे, उपग्रहाची चित्रे विनामूल्य आहेत आणि ‘इस्रो’चे ‘भुवन’ हे संकेतस्थळ २००९ पासून सर्वांस खुले आहे. इच्छुकाने एक खरीप हंगाम आपल्याच शिवारात घालवावा. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीमुळे शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र काढण्याची सवय गावास झालीच आहे. कृषी विभागाच्या गावपातळीवरील कार्यकर्त्याने अशा तरुणास पंधरा-वीस खाचरे नेमून द्यावीत. त्यांत काही मोठी, काही दोन गुंठ्यांची, दोन-तीन डोंगरउताराची आणि निदान दोन पडीक असावीत. खाचरमालकाची अनुमती आधी घ्यावी. वहीत प्रत्येक खाचरासाठी एक पान राखून गट नंबर, वाण, चिखलणीचा दिवस, लावणीचा दिवस, पाणी किती दिवस उभे होते, निसवणी व कापणी यांच्या तारखा लिहाव्यात. खाचराच्या मध्यभागी उभे राहून स्थान नोंदवावे, बांधावर उभे राहून नव्हे, कारण बांधावरची नोंद कोणत्या खाचराची हे नंतर सांगता येत नाही. पाऊस चालू असताना पेनची शाई पसरते, यासाठी वही शिसपेन्सिलीने लिहावी आणि कापणी झाल्यावर तिची एक प्रत कृषी कार्यालयात ठेवावी.