विश्लेषण : ‘लेडीज’ सायकल मापाची असतेच का?

मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीतील, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलसाठी 5,000 रुपयांचे अनुदान मिळते. भंडारा जिल्ह्यातही ही योजना राबवली जाते. अनुदान खात्यात येते, सायकल मात्र दुकानात जाऊन निवडावी लागते. तेथे किंमत, रंग, कॅरिअर पाहिले जाते. माप सहसा नाही. भारतीय स्त्रीची सरासरी उंची साधारण 152 सेंटिमीटर, म्हणजे पाच फूट. आठवीतली अनेक मुली त्याहून लहान असतात.

‘26 इंची’ म्हणजे काय?

हे माप चाकाचे. फ्रेमचे माप वेगळे असते : पायडलच्या मधल्या आसापासून सीटच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतची लांबी. त्यामुळे ‘26 इंची द्या’ एवढे सांगून मापाची सायकल मिळेलच असे नाही.

खाली झुकलेली दांडी पुरेशी नाही का?

लेडीज सायकलची दांडी खाली आणली गेली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, लांब झग्यांसाठी. साडी वा सलवारवरही त्यामुळे चढणे-उतरणे सोपे होते. पण सीट आणि हँडलमधील अंतर त्याने कमी होत नाही. ते जास्त असल्यास हात ताणले जातात, खांदे-मान दुखतात आणि बोटे ब्रेकवर नीट पोहोचत नाहीत. लाखनी-साकोलीतून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 53 वर ट्रक शेजारून जात असताना ही उणीव धोक्याची ठरते.

माप कसे घ्यावे?

अनवाणी, भिंतीला पाठ टेकून उभे राहावे. मांड्यांमध्ये वही घट्ट वर धरून जमिनीपासून तिच्या वरच्या कडेपर्यंत मोजावे. या आकड्याला 0.88 ने गुणले की पायडलच्या आसापासून सीटची अंदाजे उंची मिळते. माप 63 सेंटिमीटर आले, तर सीट सुमारे 55 वर हवी. 18 इंची फ्रेमची नळीच 46 सेंटिमीटरची. त्यावर सीटची जाडी धरली, की सीट पूर्ण खाली करूनही ती उंच राहू शकते.

दुकानात काय तपासावे?

पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवल्यास पाय जेमतेम सरळ व्हावा, कंबर झुकू नये. थांबल्यावर पायाची बोटे जमिनीला टेकावीत. नवशिकीने सीट आणखी थोडी खाली ठेवावी. हँडल धरल्यावर कोपर किंचित वाकलेले असावे. ब्रेकची मूठ दोन बोटांनी पूर्ण दाबता यावी.

जगात यावर काय उपाय झाला?

अमेरिकेतील अभियंता जॉर्जिना टेरी यांनी 1985 मध्ये स्त्रियांच्या सायकलींची कंपनी काढली. लहान फ्रेमसाठी त्यांनी पुढचे चाक 24 इंची केले, मागचे मोठेच ठेवले. त्यामुळे सीट-हँडलमधील अंतर घटवणे शक्य झाले.

‘वाढत्या अंगाची’ घ्यावी का?

कपड्यांचा हा हिशेब येथे चालत नाही. लहान फ्रेमची सीट नळीवरील मर्यादेच्या खुणेपर्यंत वर करता येते. मोठी फ्रेम लहान करता येत नाही. ठेंगण्या मुलीसाठी 24 इंची चाकाची, लांब सीट-पाइपची सायकल अधिक योग्य. मुलीला दुकानात सोबत न्यावे आणि पैसे देण्याआधी तिला चालवून पाहू द्यावी.