काट्याचा पासंग आणि रेडिओची डायल
घरी घडवलेला रेडिओ : लेखांक ७

गेल्या आठवड्यात आपला ट्रान्सीव्हर जोडून पूर्ण झाला. अँटेना लावली की ४० मीटर बँडवर माणसांचे आवाज ऐकू येतात आणि छोट्या पडद्यावर ७.१०० मेगाहर्ट्झ असा ठसठशीत आकडा दिसतो. बहुतेकांचा उत्साह इथे शिगेला पोहोचतो आणि नेमकी इथेच गफलत होते. पडद्यावरचा तो आकडा कोणी मोजलेला नसतो. आतल्या मायक्रोकंट्रोलरने काही गोष्टी गृहीत धरून केलेल्या वजाबाकीचे ते उत्तर असते. गृहीतके चुकली, तर उत्तर कितीही ठसठशीत दिसले तरी चुकीचेच. कॅलिब्रेशन म्हणजे ही गृहीतके एकेक करून बाहेरच्या भरवशाच्या प्रमाणाशी ताडून पाहणे. आकडा जुळेपर्यंत सेटिंग फिरवत राहणे आणि हे ताडून पाहणे यांत मोठा फरक आहे. आजचा लेखांक त्या फरकाविषयी आहे.

उदाहरणाला हैदराबादच्या अशर फरहान यांनी आखलेला बिटएक्स ४० घेऊ. भारतात आणि भारताबाहेर हौशी हॅमनी हा संच मोठ्या संख्येने बांधला, आणि त्याची रचना समजायला सोपी आहे. त्यात १२ मेगाहर्ट्झच्या आसपासचा क्रिस्टल फिल्टर आहे आणि त्याच्या जोडीला तेवढ्याच फ्रिक्वेन्सीचा बीएफओ, म्हणजे आवाज परत मिळवून देणारा स्थिर ऑसिलेटर. दुसरा ऑसिलेटर फिरता, ५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा. तो एसआय ५३५१ या चिपमधून निघतो आणि ही चिप आपला सगळा हिशेब शेजारच्या २५ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवरून करते. १२ मधून ५ वजा केले की ७ उरतात. हीच आपली डायल. म्हणजे गृहीतके दोन झाली. बीएफओ प्रोग्राममध्ये लिहिलेल्या आकड्यावरच चालतो, हे पहिले. चिपचा क्रिस्टल बरोबर २५ मेगाहर्ट्झच आहे, हे दुसरे. स्वस्त क्रिस्टल दशलक्षात वीस-तीस भागांनी इकडेतिकडे असणे ही रोजची गोष्ट आहे, त्यामुळे ही दोन्ही गृहीतके थोडीफार चुकलेलीच असतात.

आता बाजारातला जुना तराजू डोळ्यांसमोर आणा. तराजूत खोट दोन प्रकारची असू शकते. एक पासंगाची : दोन पारडी मुळातच समतोल नसतात आणि काहीही तोला, चूक तेवढीच राहते. दुसरी वजनांची : माप पोखरलेले असते आणि जितके जास्त तोलाल तितकी चूक वाढते. समजा, पासंगामुळे गिऱ्हाइकाला दर तोलात २०० ग्रॅम जास्त जातात आणि माप मात्र किलोमागे ४० ग्रॅम हलके आहे. पाच किलो तोलले तर २०० ग्रॅम आले आणि २०० ग्रॅम गेले. माल अगदी चोख. हा तराजू कोणी फक्त पाच किलोवर तपासला, तर तो निर्दोष ठरेल. दोन किलोवर मात्र १२० ग्रॅम जास्त जातील आणि दहा किलोवर २०० ग्रॅम कमी. एका तोलावरून तराजूची पारख होत नाही, हे वजनेमापे तपासणाऱ्याला पक्के ठाऊक असते.

आपल्या रेडिओत हेच घडते, अगदी याच आकड्यांनी. समजा, बीएफओ प्रत्यक्षात २०० हर्ट्झने वर आहे आणि चिपचा क्रिस्टल नेमका आहे. ७ मेगाहर्ट्झवर डायल २०० हर्ट्झने चुकलेली दिसते. सेटिंगमध्ये ‘कॅलिब्रेट’ हा पर्याय हाताशी असतो, म्हणून आपण चिपच्या क्रिस्टलचा आकडा बदलतो. ५ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर २०० हर्ट्झने हलवायला दशलक्षात ४० भागांची दुरुस्ती लागते. ती केली, डायल जुळली, आपण समाधानी. बँडच्या दुसऱ्या टोकाला, ७.२ मेगाहर्ट्झवर, ऑसिलेटर ४.८ वर येतो आणि चूक जेमतेम ८ हर्ट्झ उरते. तीही कानाला कळत नाही. पुढे फिल्टर बदलून हाच संच १० मेगाहर्ट्झवर नेला, तर ऑसिलेटर २ मेगाहर्ट्झवर चालेल, दुरुस्ती ८० हर्ट्झचीच होईल आणि १२० हर्ट्झची चूक उघडी पडेल. १५ मेगाहर्ट्झवर तर वजाबाकीची बेरीज होते : १२ अधिक ३. तिथे दोन्ही चुका एकमेकींना खोडत नाहीत, त्यांची बेरीज होऊन ३२० हर्ट्झ होतात. हातच लावला नसता तर चूक २०० हर्ट्झच राहिली असती. दुरुस्तीने दुखणे वाढवले, कारण पासंगाची खोट आपण मापाच्या माथी मारली.

यातून कॅलिब्रेशनचा क्रम आपोआप ठरतो : आधी माप, मग पासंग, शेवटी तिसऱ्याच ठिकाणी पडताळा. मापाची तपासणी रेडिओच्या बाकी मंडलाला मध्ये न आणता करायची. त्यासाठी चिपमधून सरळ १० मेगाहर्ट्झ काढावे आणि दुसऱ्या एखाद्या साध्या शॉर्टवेव्ह रिसीव्हरवर ते १० मेगाहर्ट्झच्या कालसंकेतासोबत ऐकावे. चीनमधील पुचेंगचे बीपीएम किंवा अमेरिकेतील फोर्ट कॉलिन्सचे डब्ल्यूडब्ल्यूव्ही ही केंद्रे याच कामासाठी अहोरात्र चालतात; आपल्याकडे कोणते आणि कधी ऐकू येईल ते आयनमंडलावर अवलंबून. त्यांच्या फ्रिक्वेन्सीचे नाते थेट अणुघड्याळांशी असते. १९६७ साली सेकंदाची व्याख्या सीझियम अणूच्या ९,१९,२६,३१,७७० कंपनांवर बांधली गेली, आणि त्या व्याख्येचा धागा अशा केंद्रांमार्फत आपल्या टेबलापर्यंत येतो. दोन लहरी एकत्र आल्या की त्यांच्या फरकाएवढे हेलकावे ऐकू येतात. ते संथ होत सेकंदाला एखाद्यावर आले की माप जुळले. इथे रिसीव्हरची डायल चुकलेली असली तरी बिघडत नाही, कारण त्याची चूक दोन्ही लहरींना सारखीच लागते.

माप पक्के झाल्यावर उरलेली चूक बीएफओचीच असणार. त्यासाठी रेडिओ एखाद्या ज्ञात केंद्रावर लावावा. सूर नाहीसा होईपर्यंत डायल फिरवण्याची जुनी रीत इथे दगा देते, कारण क्रिस्टल फिल्टर साधारण ३०० हर्ट्झखालचे सूर आधीच गिळून टाकतो आणि शून्य नेमके कुठे ते कळतच नाही. त्यापेक्षा एलएसबीवर, म्हणजे खालच्या साइडबँडवर, डायल केंद्राच्या एक किलोहर्ट्झ वर ठेवावी. सूर बरोबर १००० हर्ट्झचा यायला हवा. १००० नव्हे तर ११२० ऐकू आला, तर चूक १२० हर्ट्झ. सूर मोजायला फोनवरचे स्पेक्ट्रम दाखवणारे साधे ॲप पुरते. फोनच्या अचूकतेवर शंका घेणाऱ्यांनी एवढाच हिशेब करावा : फोनचे घड्याळ दशलक्षात १०० भागांनी चुकले, तरी १००० हर्ट्झच्या सुरात फरक पडेल तो ०.१ हर्ट्झचा.

हमखास निघणारा आक्षेप असा, की फ्रिक्वेन्सी काउंटर घ्या आणि मोकळे व्हा. पण काउंटरच्या पोटातही एक क्रिस्टलच असतो. तो कोणी तपासला? शिवाय काउंटरची तार ऑसिलेटरला लावली की तिच्या भाराने ऑसिलेटरच थोडा सरकतो. बोलताना समोरच्या हॅमला विचारून डायल जुळवणे हाही तसाच उपाय आहे. त्याची डायल कोणाशी जुळवलेली आहे, हा प्रश्न तिथेही उरतोच. न तपासलेली दोन साधने एकमेकांशी जुळली, तर त्यावरून ती जुळतात एवढेच सिद्ध होते.

दुसरा आक्षेप वजनदार आहे : गप्पांसाठी एवढा काटेकोरपणा कशाला? हे अंशतः मान्य करावे लागते. माणसाचा आवाज पन्नासेक हर्ट्झ सरकला तर ऐकणाऱ्याला फारसे जाणवत नाही. पण डब्ल्यूएसपीआरसारख्या क्षीण संकेतांच्या पद्धतीत सगळ्या जगाचे प्रक्षेपण २०० हर्ट्झच्या एका पट्टीत मावते. डायल २०० हर्ट्झने चुकली तर तुमचा संकेत त्या पट्टीबाहेर जातो आणि तो कोणी शोधतही नाही. बँडच्या कडेला तर प्रश्न नियमाचा आहे. भारतात ४० मीटर बँड ७.००० ते ७.२०० मेगाहर्ट्झ आहे आणि एलएसबीचा आवाज डायलच्या खाली पसरतो. खालच्या कडेजवळ बोलताना डायल खोटी असेल, तर परवान्याबाहेर प्रक्षेपण होते आणि करणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

मायक्रोबिटएक्स हा संच बांधणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. त्यात ऑसिलेटर तीन असतात, ते तिन्ही एकाच चिपमधून निघतात आणि बीएफओचा आकडा प्रोग्रामच्या हिशेबात एकदा मिळवला व एकदा वजा केला जातो, त्यामुळे डायलवर त्याचा परिणाम शून्य. तिथे चूक फक्त मापाची. डायल जुळवण्यासाठी कोणी बीएफओ फिरवला, तर डायल हलणार नाही. फिल्टरमध्ये आवाजाची जागा मात्र सरकेल आणि तो बोजड किंवा किरटा होईल. बीएफओ तिथे आवाजाच्या गोडव्यासाठीच लावायचा.

थांबायचे कुठे, हेही ठरलेले असावे. संच अर्धा तास तापू द्यावा, कारण थंड क्रिस्टल आणि तापलेला क्रिस्टल यांची फ्रिक्वेन्सी सारखी नसते. आयनमंडल हलत असल्याने कालसंकेतही एखाद्या हर्ट्झने डोलतो. त्यापलीकडची अचूकता या पद्धतीने मिळत नाही आणि मिळाली असे वाटले तर तो भास समजावा. शेवटी, जे केंद्र जुळवणीत वापरले नाही, अशा केंद्रावर डायल पडताळावी आणि उरलेली चूक तारखेसह वहीत लिहावी. कारखान्यातून आलेल्या संचाचा क्रिस्टलही वयाबरोबर सरकतो, फक्त त्याच्या मालकाने ते मोजलेले नसते. ज्याची चूक किती हे माहीत आहे, तोच संच भरवशाचा. पुढच्या लेखांकात ५० ओहमचा डमी लोड लावून प्रक्षेपणाची शक्ती मोजू. तोवर वहीचे पहिले पान भरून ठेवा.