उकळलेल्या पाण्याचा बर्फ

शीतकपाटातून काढलेला बर्फाचा खडा उजेडासमोर धरून पाहावा. त्याच्या कडा काचेसारख्या स्वच्छ असतात, मध्यभाग मात्र दुधासारखा पांढरा दिसतो. पाणी तेच, भांडे तेच. मग हा भेद का व्हावा? पाणी आधी उकळून घेतले म्हणजे सबंध खडा स्वच्छ होतो, अशी पुष्कळांची समजूत आहे. तीत तथ्य आहे, पण थोडेच.

पाण्यात हवा विरघळलेली असते. ०° सेंटिग्रेडच्या एक लिटर पाण्यात ती सुमारे २९ घन सेंटिमीटर मावते. बर्फाच्या स्फटिकात मात्र तिला जवळजवळ थाराच नसतो. साच्यातील पाणी प्रथम कडांशी गोठते व गोठणारा थर हवेला आणि क्षारांना आत लोटीत जातो. अखेरच्या पाण्यात हवा इतकी साठते, की तिचे बुडबुडे होऊ लागतात. परंतु तोवर चोहोंकडून बर्फाच्या भिंती उभ्या राहून वाट बंद झालेली असते. अडकलेले बुडबुडे प्रकाश विखरून टाकतात, म्हणून तो भाग पांढरा दिसतो.

उकळल्याने बरीचशी हवा निघून जाते, हे खरे. पण पाणी उघडे निवत ठेवले, की ते पुन्हा हवा शोषू लागते. आणि जी थोडी हवा राहते तीही शेवटी मध्यभागीच जमते. विहिरीच्या जड पाण्यातील काही चुना उकळताना तळाशी बसतो, हा लाभ निराळा.

गरम पाणी थंड पाण्याच्या आधी गोठते, असेही सांगतात. टांगानिकातील (आजच्या टांझानियातील) एरास्टो म्पेंबा या विद्यार्थ्यास १९६३ साली आइसक्रीम करताना असा अनुभव आला, व १९६९ साली डेनिस ऑझबर्न या प्राध्यापकांसह त्याने तो प्रसिद्ध केला. पुढे २०१६ साली बरिज व लिंडेन यांनी काटेकोर मोजमापे घेतली, तेव्हा त्यांना त्यास पुरावा आढळला नाही. शिवाय गरम भांड्याने शीतकपाटातील शेजारचे पदार्थ तापतात, ते वेगळेच.

खरे मर्म पाण्याच्या उष्णतेत नसून गोठण्याच्या दिशेत आहे. तळे वरून खाली गोठते, त्यामुळे हवेला खालच्या पाण्यात जाण्यास वाव राहतो. १८३३ साली बॉस्टनहून जहाजाने कलकत्त्यास आलेला बर्फ असाच तळ्यांतून कापलेला होता. कारखान्यांत लादी पारदर्शक व्हावी म्हणून गोठणाऱ्या पाण्यात नळीने हवा सोडतात; पाणी ढवळत राहते व बर्फाला चिकटणारे बुडबुडे निघून जातात. हवा घालविण्यासाठी हवाच सोडावी, ही मोठी गमतीची गोष्ट!

घरी हाच प्रयोग करावयाचा असल्यास जाड थर्मोकोलची लहान पेटी घ्यावी, तीत पाणी भरावे आणि झाकण न लावता ती शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावी. बाजूंनी व तळाकडून उष्णता फारशी बाहेर जात नाही, म्हणून पाणी वरून गोठू लागते. तळाशी बोटभर पाणी शिल्लक असतानाच लादी बाहेर काढून ते पाणी ओतून द्यावे. खड्याच्या पोटात राहिला असता तो पांढरेपणा बहुतेक त्या पाण्याबरोबरच जातो.