टाकून दिलेल्या अपूर्णांकांची लढाई

पाचिरिसू ही विजेची खार. उंची 40 सेंटिमीटर, वजन चार किलोलाही थोडं कमी. तिच्यासमोर गारचॉम्प, जवळजवळ दोन मीटर उंच आणि 95 किलो वजनाचा ड्रॅगन. पोकेमॉनच्या खेळात या गारचॉम्पने पूर्ण ताकद कमावून 'ड्रॅगन क्लॉ' हा नखांचा वार केला, तर खार किती वार सोसेल? चित्र पाहून कुणीही म्हणेल, एकसुद्धा नाही. प्रत्यक्षात नीट तयार केलेली खार दोन वार खाऊन उभी राहते. मध्ये क्रिटिकल हिट, म्हणजे नशिबाने जास्त जोरात लागलेला वार, आला नाही, तर दर वेळी उभी राहते.

गणित करून पाहू. पाचिरिसूच्या जातीला बचावाचा मूळ आकडा मिळालाय 70. त्याची दुप्पट 140. त्यात जन्मजात गुण, म्हणजे आयव्ही, जास्तीत जास्त 31. सरावातून कमावलेले ईव्ही 252, ते चाराने भागून 63. बेरीज 234. स्पर्धा लेव्हल 50 वर चालते, म्हणून निम्मे 117. त्यात 5 मिळवा, 122. बचावाला पोषक स्वभाव असेल तर दहा टक्के जास्त, म्हणजे 134.2. खेळ लिहून ठेवतो 134.

ते 0.2 गेलं कुठे? टाकून दिलं. माझ्या मते या खेळाचं सगळं सौंदर्य या टाकून देण्यात आहे.

आता वार. लेव्हल 50 चा गुणक 22, ड्रॅगन क्लॉची ताकद 80, गारचॉम्पचा हल्ला 182. तिन्हींचा गुणाकार करून 134 ने भागा, अपूर्णांक टाका: 2390. त्याला 50 ने भागलं की येतात 47.8. आपण शाळेत 48 केले असते, खेळ 47 धरतो. अधिक 2, एकूण 49. मग नशीब: 85 ते 100 टक्क्यांमधला एक पूर्णांक, म्हणजे सोळा शक्यता. शेवटी, ड्रॅगनने ड्रॅगनचाच वार केला म्हणून दीडपट. इजा होते 61 ते 73. खारीचा जीव 167, दोन वारांची कमाल इजा 146. तीच खार सरावाशिवाय, साध्या स्वभावाची असती, तर जीव 135, बचाव 90 आणि एका वाराला 93 ते 109 इजा. दुसऱ्या वारात संपली असती.

या काटकसरीचं मूळ 1996 मध्ये आहे. जपानच्या गेम फ्रीक कंपनीने पहिला पोकेमॉन गेम बॉय या हातात धरायच्या खेळयंत्रासाठी केला. त्याच्या 8-बिट प्रोसेसरला गुणाकार-भागाकाराच्या आज्ञाच नव्हत्या. दोन्ही बेरीज-वजाबाकीतून करून घ्यायचे, पूर्णांकांत, उरलेली बाकी सोडून. एका बाइटमध्ये 255 च्या वर आकडा मावत नाही, म्हणून हल्ला किंवा बचाव 255 च्या पुढे गेला की हिशेबापुरते दोन्ही चाराने भागले जायचे.

2002 च्या रुबी आणि सफायर या पोकेमॉन खेळांमध्ये आजची आयव्हीची रचना आली, आणि ती पाहून मी आजही थक्क होतो. 0 ते 31 लिहायला लागतात पाच बिट. सहा गुणांचे तीस. 32 बिटांच्या एका शब्दात ते सगळे बसतात आणि दोन बिट उरतात. त्यांतल्या एकात नोंद असते की हा प्राणी अजून अंड्यात आहे का! सहाही गुण निव्वळ योगायोगाने 31 पडण्याची शक्यता 1,07,37,41,824 मध्ये एक.

आजच्या यंत्रांना दशांश जड नाहीत, तरी अपूर्णांक गळतातच. म्हणून 2013 पर्यंत खेळाडू स्वतःच 252 वर थांबायचे; आता खेळच तिथे थांबवतो. पुढचे तीन ईव्ही चाराने भागताना वाया जायचे. आयव्ही 31 असेल तर लेव्हल 50 वर पहिल्या चार ईव्हींना एक गुण मिळतो, त्यानंतर दर आठांना एक. एकूण मुभा 510 ची, त्यामुळे एकेक गुण तोलूनमापून घ्यावा लागतो. गारचॉम्पच्या वेगाचा मूळ आकडा 102, सॅलमेन्स या दुसऱ्या ड्रॅगनचा 100. दोघांना पूर्ण सराव आणि वेगवान स्वभाव दिला की होतात 169 आणि 167. एरवी कुणी वेग वाढवलेला नसेल तर पहिला वार गारचॉम्पचा. ड्रॅगनला ड्रॅगनचा वार दुप्पट लागतो, त्यामुळे त्या दोन गुणांवर अख्खा डाव फिरू शकतो.

पाचिरिसूचं उदाहरण मुद्दाम घेतलं. 2014 मध्ये वॉशिंग्टनला दक्षिण कोरियाच्या सेजुन पार्कने विश्वविजेतेपद मिळवलं, त्या संघात ही खार होती. 'फॉलो मी' करून ती शत्रूचे वार स्वतःवर ओढून घ्यायची, तेवढ्यात तिच्यासोबत लढणारा जोडीदार मोकळा व्हायचा. इतरांना जी शोभेची वाटत होती, ती किती सोसेल हे पार्कने मोजलेलं होतं.

हे गणित उलटंही चालतं. समोरच्याने ईव्ही कुठे खर्च केलेत ते पडद्यावर दिसत नाही, पण आपल्या प्राण्याचा किती जीव गेला ते दिसतं. वरच्या हिशेबात दीडपट करण्याआधी 41 आले तर इजा 61, 42 आले तर 63. मधले 62 येऊच शकत नाहीत, गारचॉम्पचा हल्ला कितीही असो. खारीचे 62 गेले, तर त्या वारात दीडपटीखेरीज दुसरा कुठलातरी गुणक शिरलाय, बहुधा हातात लपवलेली एखादी वस्तू, आणि जाणकार खेळाडू पुढची चाल ते धरूनच खेळतो.