वेताळाचा प्रश्न

निवृत्त माणसाला दिवस खायला उठतो, असं म्हणतात. माझ्या बाबतीत तसं काही घडलं नाही. उलट दिवसच मला पुरत नाही. पहाटे मोसम नदीच्या काठाने फिरून परत येईपर्यंत बाजार समितीच्या रस्त्याला कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली असते. घरी येऊन चहा आणि वर्तमानपत्र. त्यातही आधी चित्रकथेची पट्टी, मग निधनवार्ता आणि शेवटी, जमलंच तर, ठळक बातम्या. अंघोळ झाली की पत्र्याची ट्रंक उघडायची. तिच्यात डांबराच्या गोळ्यांच्या वासात तीनशेच्या वर इंद्रजाल कॉमिक्स, चांदोबाचे अंक आणि अमर चित्रकथा नांदताहेत. रोज एक अंक काढायचा, वाचायचा, पुसून परत ठेवायचा. दुपारी जुना पिक्चर. तोही एका बैठकीत नाही. मध्यंतरापर्यंत आज आणि मध्यंतरानंतरचा उद्या. आमच्या सौ. म्हणतात, ''साठी उलटली तरी तुम्हाला पुस्तकात चित्रं लागतात!'' लागतात खरी. चार कादंबऱ्या माझ्या नावावर आहेत, पण चित्र असलेलं पान दिसलं की हात आधी तिकडेच जातो.

ही खोड लागली ती याच नामपुरात. त्या वेळी माझ्या ओळखीचे वेताळ तीन होते. पहिला माझ्या आजोळचा. गावाबाहेर शेंदूर फासलेला दगड, अमावस्येला त्याच्यासमोर नारळ फुटे. दुसरा चांदोबातला. विक्रमाच्या खांद्यावर बसून गोष्ट सांगणारा आणि शेवटी प्रश्न विचारून राजाला पेचात पकडणारा. मद्रासहून निघणाऱ्या त्या मासिकात तलवार उपसलेला विक्रम आणि त्याच्या खांद्यावर लोंबणारं ते प्रेत शंकर नावाच्या चित्रकाराने काढलं होतं. 2020 साली ते गेल्याची बातमी वाचली, तेव्हा घरातलंच कुणी गेल्यासारखं झालं. तिसरा वेताळ मात्र परदेशी. अंगाला घट्ट जांभळा पोशाख, डोळ्यांवर मुखवटा, कवटीची गुहा, पांढरा घोडा आणि सोबतीला लांडगा. मूळ नाव फँटम. अमेरिकेत ली फॉक यांनी तो 1936 साली जन्माला घातला. त्याच्या दोन वर्षं आधी त्यांनी मांड्रेक हा जादूगार उभा केला होता. टाइम्सवाल्यांनी मार्च 1964 मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं आणि पहिले काही अंक एकट्या फँटमलाच वाहिले. मराठीत येताना तो वेताळ झाला. ज्याने कुणी हे नाव दिलं, त्याला माझा नमस्कार. त्या एका शब्दाने आफ्रिकेतलं ते जंगल आमच्या आजोळच्या वेशीला आणून ठेवलं.

भारतात आणताना संपादकांनी आणखीही फेरफार केले होते. वेताळाच्या देशाचं मूळ नाव बंगालशी जुळणारं, म्हणून ते डेंकाली केलं. समुद्रावरच्या 'सिंग' चाच्यांचे 'सिंगा' झाले. हे मला फार उशिरा, नोकरीत कळलं. लहानपणी डेंकाली हे साक्रीच्या पलीकडे कुठेतरी असावं, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी. मुलाने वाचावं असं त्यांना फार वाटे, पण काय वाचावं याबद्दलही त्यांची मतं पक्की होती. चांदोबा चाले, कारण त्यात तात्पर्य असे. इंद्रजाल चालत नसे. सातवीच्या सहामाहीत मी गणितात नापास झालो. त्या रविवारी वडिलांनी माझे सतरा अंक शांतपणे मोजले आणि अंघोळीच्या बंबात घातले. रागावले नाहीत, ओरडले नाहीत. ''पाणी तापलंय, अंघोळीला जा,'' एवढंच म्हणाले. त्या पाण्याने मी अंघोळ केली. अठरावा अंक आईने पिठाच्या डब्यात लपवला होता. तिला अक्षरओळख नव्हती. दुपारी वडील शाळेत गेले की ती चित्रं बघत बसे. एकदा तिने विचारलं, ''हाऊ बाबा चड्डी वरतून काब्र घालस?'' या प्रश्नाचं उत्तर मला आजपर्यंत देता आलेलं नाही. तो अंक अजून ट्रंकेत आहे. त्याच्या घडीत ज्वारीच्या पिठाचा कण असावा, असा मला दरवेळी भास होतो.

पिक्चरचं वेड यात्रेच्या तंबूने लावलं. दिवसभर बैलगाडीवरून भोंगा ओरडत फिरे. अंधार पडला की ताडपत्रीच्या तंबूत मातीवर बसायचं. रीळ तुटलं की शिट्ट्या, जोडलं की टाळ्या. दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या' 1971 चा. आमच्या तंबूत तो आला तेव्हा रिळांवर इतक्या रेघा पडल्या होत्या की, बाहेर लख्ख चांदणं असताना पडद्यावर पाऊस पडत होता. पुढे कॉलेजात असताना एसटीने तासभर प्रवास करून मालेगावला जायचं. तिथल्या यंत्रमागांना शुक्रवारची सुट्टी. त्या दिवशी थिएटरबाहेर जी गर्दी लोटे, तिच्यात शिरून तिकीट काढणं हीच एक स्टंटबाजी होती.

मग बँक लागली. वेताळ जंगलातून शहरात येताना लांब कोट, हॅट आणि काळा चष्मा घालून 'मिस्टर वॉकर' होतो, हे वाचकांना आठवत असेल. अडतीस वर्षं मी मिस्टर वॉकर होतो. दिवसा लेजर, थकबाकी आणि वसुली. रात्री कादंबरी, कॉमिक्स आणि पिक्चर. शाखेत हे कुणाला कळू दिलं नाही. शाखाधिकारी वेताळ वाचतो हे कळलं असतं, तर थकबाकीदारांनी हप्ता भरायचंच सोडून दिलं असतं!

आता जे सांगायचं म्हणून हा लेख लिहायला घेतला, ते सांगतो.

1997 साली मी आमच्याच भागातल्या एका शाखेत शाखाधिकारी होतो. नामपूरचा एक पंचविशीतला मुलगा कर्जाचा अर्ज घेऊन आला. घरी थोडा कांदा, स्वतः लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करायला भाड्याने कॅमेरा आणायचा. त्याला स्वतःचा कॅमेरा हवा होता. नाशिकच्या दुकानाचं कोटेशन, दोन जामीनदार, सातबारा, सगळं व्यवस्थित. फक्त कर्जाच्या हेतूच्या रकान्यात त्याने लिहिलं होतं, 'सिनेमा काढण्यासाठी'. मी म्हटलं, ''हे काय?'' तो हसून म्हणाला, ''साहेब, माले पिक्चर काढानं शे.''

त्याने तिथे 'लग्नसमारंभाचे चित्रीकरण' असं लिहिलं असतं, तर प्रकरण आठवड्यात मंजूर झालं असतं. मी त्याला ते सुचवू शकलो असतो. पेन माझ्याच हातात होतं. सुचवलं नाही. उलट त्याला 'आधी पोटापाण्याचं बघ' असं पंधरा मिनिटं ऐकवलं आणि शेरा मारला, 'हेतू अनुत्पादक. नामंजूर.' अक्षर सुबक आलं होतं. त्याच संध्याकाळी मी मालेगावला जाऊन पिक्चर बघितला, मध्यंतरात भजी खाल्ली आणि निवांत घरी आलो.

बँकेच्या नियमांत मी चुकलो नव्हतो. अशा कर्जाची परतफेड होणार कुठून, हा प्रश्न रास्तच होता. पण बंबात अंक घालताना माझे वडीलही त्यांच्या नियमांत चुकले नव्हते.

तीनच वर्षांनी, 2000 साली, मालेगावात शेख नासिर या व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या माणसाने 'मालेगाव के शोले' काढला. घोड्यांऐवजी सायकली, नट म्हणून आसपासचेच लोक, क्रेन म्हणून बैलगाडी. गावात तो तुफान चालला. मग विडंबनांची रांगच लागली. पुढे 'मालेगाव का सुपरमॅन' आला. त्यात सुपरमॅन झाला होता शफिक शेख, यंत्रमागावर काम करणारा एक किडकिडीत माणूस. फैझा अहमद खान यांनी 2008 साली या खटाटोपावर माहितीपट केला, तो देशोदेशी दाखवला गेला. शफिक पुढे कर्करोगाने गेला. 2024 साली रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला आणि फेब्रुवारी 2025 मध्ये आपल्याकडे लागला. तो बघायला मी मुद्दाम नाशिकला गेलो. लोक हसत होते, मग रडत होते. मी मात्र मनातल्या मनात तो अर्ज वाचत होतो.

परतताना आणखी एक गोष्ट डोक्यात आली. दादासाहेब फाळके आपल्याच जिल्ह्यातले, 1870 साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेले. 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. पण त्याआधीची गोष्ट बँकवाल्याने लक्षात ठेवण्यासारखी आहे. यंत्रसामग्री आणायला विलायतेला जायचं, तर पैसा नव्हता. फाळक्यांनी आपल्या विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या. पुढे भांडवलदाराची खात्री पटवण्यासाठी त्यांनी वाटाण्याचं रोप कसं उगवतं, ते एकेक चित्र घेऊन पडद्यावर दाखवलं. सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. त्या वेळी कुणीतरी त्या कागदावर सही केली. पॉलिसी तारण ठेवून घेणाऱ्याने हेतू विचारला असेल का? आणि 'सिनेमा' हा शब्द ऐकून त्याने काय केलं असेल? त्याच्या जागी मी असतो, तर? याचं उत्तर मला ठाऊक आहे, आणि ते माझ्याच अक्षरात एका फायलीत लिहिलेलं आहे.

चांदोबातला वेताळ विक्रमाला काय बजावतो, ते आठवा. उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास, तर डोक्याची शकलं होतील. मी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं गप्प होतो. डोकं शाबूत आहे, पण त्याचा काय उपयोग!

तो मुलगा कुठे असतो, हे मला माहीत होतं. गाव केवढं! बाजार समितीच्या रस्त्याला त्याचं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, निवडणुका, दशक्रिया, सगळ्यांचे फोटो तोच मोठे करतो. इतकी वर्षं मी पलीकडच्या बाजूने जात असे. गेल्या महिन्यात पायऱ्या चढलो. तेव्हा मी त्याला 'अरे' म्हटलं होतं. आता केस पिकलेले बघून जीभ आपोआप 'अहो'वर गेली. तो एका फ्लेक्सवर कुणाच्या तरी कपाळाचे डाग पुसत होता. मी सगळं बोलून टाकलं. अर्ज, शेरा, संध्याकाळचा पिक्चर, भजीसुद्धा.

त्याने माऊस बाजूला ठेवला. ''साहेब, पिक्चर काढला होता मी,'' तो म्हणाला. ''अर्धा.''

भाड्याच्या कॅमेऱ्याने, लग्नाच्या ऑर्डरीतून उरलेल्या दिवसांत त्याने मध्यंतरापर्यंतचा भाग चित्रित केला होता. मग हिरो कामधंद्यासाठी सुरतेला गेला, कॅमेऱ्याचं भाडं थकलं आणि काम थांबलं. कॅसेटला बुरशी आली. ''तुमचा कॅमेरा असता तर पुरा झाला असता का?'' मी विचारलं. त्याने विचार केला. ''झाला असता,'' तो म्हणाला. मनाला बरं वाटावं म्हणून काही बोलला नाही, आणि तेच योग्य होतं. मग चहा मागवला.

''गोष्ट काय होती?''

गोष्ट अशी. साल्हेरच्या डोंगरात एक मुखवटेवाला राहतो. कांद्याचा भाव पडला की तो उतरतो. पहिल्या प्रसंगात लिलाव चाललाय, व्यापारी मातीमोल बोली लावतायत, ट्रॅक्टरवर म्हातारा शेतकरी डोक्याला हात लावून बसलाय. मुखवटेवाला येतो, बोली थांबवतो. त्याने लहानपणी वाचलेला वेताळच तो. कुणाकडून वाचायला मिळाला म्हणाल, तर गावातल्या एका गुरुजींच्या मुलाने मित्राला दिलेला फाटका अंक हातोहात फिरत त्याच्यापर्यंत आला होता. गुरुजींचा मुलगा म्हणजे कोण, हे त्याला माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही. अशी पोरं गावात बरीच असतील.

''आणि मध्यंतरानंतर?'' मी विचारलं.

''तेच तर जमत नव्हतं. तो एक दिवस बोली थांबवेल. पण दुसऱ्या दिवशी भाव वाढवेल कसा?''

मग आम्ही दोघं त्यावर बसलो. व्यापाऱ्याला मारलं तर दुसरा व्यापारी येतो. साठवायला चाळ बांधली तर कांदा सडतो. डिसेंबर 2023 मध्ये निर्यातबंदी आली, ती मे 2024 पर्यंत टिकली. तिला ठोसा कुठे मारायचा? सुपरमॅन आगगाडी अडवू शकतो, पण कागदावरची अधिसूचना? दुकान बंद करायची वेळ झाली, तरी हिरो लिलावाच्या ओट्यावरच उभा होता.

आता रोज संध्याकाळी मी तिकडे जातो. ट्रंकेतले काही अंक त्याच्या दुकानात गेले आहेत. त्याची कॉलेजात शिकणारी मुलगी ते वाचते आणि आम्हा दोघांच्या कथेतल्या चुका काढते. शूटिंगला हल्ली कॅमेऱ्याचं कोटेशन लागत नाही, तिच्या फोनमध्ये सगळं होतं. पैशाचाही फारसा प्रश्न नाही. माझं पेन्शन आहे आणि हेतूच्या रकान्यात काय लिहायचं, ते या वेळी मला माहीत आहे. अडलंय ते मध्यंतरानंतर. परवा ती मुलगी म्हणाली, ''आजोबा, तो एकटाच का येतो डोंगरातून? लिलावात इतके लोक उभे असतात, ते काय करतात?''

तिचे वडील माझ्याकडे बघू लागले, मी त्यांच्याकडे. बाहेर दुसऱ्या दिवशीच्या लिलावासाठी ट्रॅक्टर आताच येऊन लागले होते.