सडपातळ आणि कणखर लॅपटॉप : गुणदोषांची मीमांसा

प्रवासात सहज नेता यावा इतका हलका आणि प्रवासातील धक्के सोसावेत इतका कणखर, अशा दुहेरी अपेक्षेने घडविलेल्या व्यावसायिक लॅपटॉपांचा एक स्वतंत्र वर्ग आता रूढ झाला आहे. सर्वेक्षणासाठी गावोगाव हिंडणारे किंवा अभिलेखागारात दिवस काढणारे संशोधक विद्यार्थी साहजिकच याच वर्गाकडे ओढले जातात. या यंत्रांच्या गुणांच्या व दोषांच्या याद्या पुष्कळ मिळतात. परंतु हे गुण आणि दोष भिन्न कारणांतून उद्भवतात, की एकाच कारणाची ती दोन फळे आहेत, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात थिंकपॅड एक्स-वन कार्बन या मालिकेच्या आधारे त्याचा विचार करावयाचा आहे.

आयबीएम कंपनीने १९९२ मध्ये थिंकपॅड हे नाव लॅपटॉपांसाठी प्रचारात आणले. २००५ मध्ये तिचा हा व्यवसाय लेनोवो कंपनीकडे गेला आणि २०१२ मध्ये एक्स-वन कार्बनची पहिली आवृत्ती निघाली. चौदा इंची पडदा असूनही तिचे वजन सुमारे १.३६ किलो व जाडी १९ मिलिमीटरहून थोडी कमी होती. त्याच वर्षीचा, तितक्याच पडद्याचा टी-४३० हा थिंकपॅड दोन किलोंहून जड होता. हे दोन भावंडांसारखे लॅपटॉप शेजारी ठेवून पाहिले, म्हणजे वजनातील फरक कशाच्या मोबदल्यात साधला, हे स्पष्ट होते.

प्रथम कवचाचा विचार करू. पत्र्याचा वाकण्यास होणारा विरोध त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. जाडी निम्मी केली, तर तो विरोध एक अष्टमांशावर येतो. म्हणून यंत्र सडपातळ करताना केवळ पत्रा पातळ करून भागत नाही. पदार्थच बदलावा लागतो. अॅल्युमिनियमची घनता दर घन सेंटिमीटरला २.७ ग्रॅम, मॅग्नेशियमच्या मिश्रधातूंची सुमारे १.८, तर कार्बन तंतूंच्या संमिश्राची सुमारे १.६ असते. शिवाय तंतूंच्या दिशेने हे संमिश्र अत्यंत ताठ असते. पडद्यामागील झाकणासाठी त्याची योजना होते ती यामुळेच. गर्दीच्या एस.टी.त पिशवीवर दाब आला, तरी असे झाकण लवते आणि पूर्ववत होते. अॅल्युमिनियमप्रमाणे त्याला पोचा पडत नाही. मात्र सहनशक्तीची मर्यादा ओलांडली, की ते पूर्वसूचना न देता तडकते.

या वर्गातील यंत्रांच्या जाहिरातीत ‘एमआयएल-एसटीडी-८१०’ या अमेरिकी लष्करी मानकाचा उल्लेख हटकून असतो. १९६२ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेले हे मानक म्हणजे उष्णता, आर्द्रता, धूळ, कंप, आघात इत्यादींच्या चाचण्यांची पद्धती होय. कोणत्या चाचण्या व किती तीव्रतेने घ्यावयाच्या, हे वापराच्या परिस्थितीनुसार ठरविण्याची मुभा त्यात आहे. आणि व्यापारी उत्पादनांना त्याचे प्रमाणपत्र देणारी कोणतीही शासकीय संस्था नाही. पडण्याच्या सुप्रसिद्ध चाचणीत वस्तू १.२२ मीटर उंचीवरून २६ वेळा टाकतात. परंतु हे २६ आघात पाच नमुन्यांत विभागण्याचीही परवानगी आहे. तेव्हा या उल्लेखाने यंत्राच्या घडणीविषयी काही विश्वास वाटणे योग्य असले, तरी आपल्या हातातील यंत्र पडल्यावर शाबूत राहील, अशी ती हमी नव्हे.

गुण व दोष यांचे मूळ एकच असल्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण स्मृतीचे, म्हणजे रॅमचे आहे. टी-४३० मध्ये रॅमच्या पट्ट्या खाचांत बसविलेल्या असत व त्या बदलता येत. एक्स-वन कार्बनमध्ये रॅम मदरबोर्डावर डाख देऊन कायमची बसविली. खाचेची उंची वाचली आणि कंपाने पट्टी सैल होण्याची भीती गेली. पण २०१२ च्या आवृत्तीत ज्याने ४ जीबी घेतली, त्याला ती पुढे कधीच वाढविता आली नाही. आणि रॅम बिघडली, तर संपूर्ण मदरबोर्ड बदलण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

उष्णतेची गोष्ट निराळी नाही. त्या आवृत्तीतील प्रोसेसर १७ वॅटच्या मर्यादेचे होते. टी-४३० मधील सामान्यतः ३५ वॅटचे. पातळ कवचात पंखा लहान व हवेची वाट अरुंद असते. लेखन व वाचन यांना याची झळ लागत नाही. परंतु तासन्‌तास चालणाऱ्या सांख्यिकी गणनेत प्रोसेसरला तापमान आवरण्यासाठी आपला वेग उतरवावा लागतो. आजचे प्रोसेसर पुष्कळ कार्यक्षम असले, तरी हा नियम कायम आहे.

बॅटरीचा मुद्दा संशोधकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.साठी किमान तीन व सामान्यतः कमाल सहा वर्षांची मुदत आहे. लिथियम-आयन बॅटरीची क्षमता मात्र काहीशे आवर्तनांनंतर लक्षणीयरीत्या घटते. म्हणजे प्रबंध पुरा होण्याआधी बॅटरी बदलण्याचा प्रसंग बहुधा येणारच. टी-४३० ची बॅटरी हातानेच क्षणात निघे व क्षेत्रकार्यात दुसरी सोबत ठेवता येई. एक्स-वन कार्बनची बॅटरी कवचाच्या आत असल्याने स्क्रू काढून तळ उघडावा लागतो.

सारे पाहता, हे यंत्र आघातापासून आपले रक्षण उत्तम करते. पण काळापासून नव्हे. कणखरपणा व टिकाऊपणा हे दोन निरनिराळे गुण आहेत, आणि पहिला सडपातळ देहात साधताना दुसऱ्याचा काही अंश खर्ची पडतो. तथापि हा निसर्गनियम नव्हे. २०२४ मधील टी-१४ च्या पाचव्या आवृत्तीत बदलता येणारी रॅम देऊनही आरंभीचे वजन सुमारे १.३ किलो राखले गेले, व दुरुस्तीच्या सुलभतेसाठी आयफिक्सिट या संस्थेने तिला दहापैकी नऊ गुण दिले. त्याच वर्षी डाख न देता बसविता येणारी, पातळ व काटकसरी अशी नवी रॅमही थिंकपॅडच्या पी-वन या लॅपटॉपात आली.

तात्पर्य, खरेदी करताना वजन व लष्करी मानक यांच्या आधी तीन प्रश्न विचारावेत : रॅम वाढविता येते काय? नसल्यास सहा वर्षांना पुरेल इतकी ती आरंभीच घेतली आहे काय? आणि बॅटरी व कळफलक किती वर्षे व कोणत्या खर्चात मिळतील? यांखेरीज एक सावधगिरी प्रत्येकाने बाळगावी. कवच कितीही मजबूत असले, तरी ते यंत्राचे असते, आतील सामग्रीचे नव्हे. चकत्या फिरत नसल्याने एसएसडी धक्क्याला दाद देत नाही. परंतु ती निकामी झाली, की सामग्री परत मिळविणे अतिशय कठीण होते. वर्षानुवर्षांच्या मुलाखती व नोंदी यांची दुसरी प्रत अन्यत्र ठेवणे, याला कोणतेही कवच पर्याय ठरू शकत नाही.